आधी पाणी तयार होऊ द्या हो!
नाशिकरोडच्या एका दुकानात परवा पुन्हा तेच. एका ताईंनी मासे पाळायला दोन फुटी काचेची टाकी घेतली आणि सोबत लगेच पिशवीत बारा मलावी सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत मासे! अहो, माशांच्या शरीरातून पाण्यात उतरणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायलाच चार ते सहा आठवडे लागतात. त्यात या माशांना पीएच 8 च्या आसपासचं, म्हणजे थोडं अल्कधर्मी आणि जड (क्षार जास्त असलेलं) पाणी लागतं, आणि तशा पाण्यात अमोनिया जास्तच जहाल होतो. वर दुकानदाराने शोभेला एक ऑस्कर मासा दिला. तो दक्षिण अमेरिकेतला, हे आफ्रिकेतले! दर वेळी मी मध्ये बोलतो, दर वेळी उत्तर एकच, ‘काही होत नाही दादा.’ होतं! पाण्याच्या वरच्या थराशी तोंड वासून धापा टाकणारा, कल्ले लालभडक झालेला पिवळा मासा पाहिलाय मी. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.