मान वाकवल्याने मणके झिजत नाहीत, त्या फॉरवर्डमधला एकेक दावा बघू

गेले दोन महिने "कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनो सावधान" असा एक मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि कामाच्याही. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. मान खाली घातली की मणक्यांवर २७ किलो वजन पडतं आणि मणके कायमचे झिजतात, खुर्चीत ९० अंशात ताठ बसा आणि पाठ टेकू नका, दुखायला लागलं की आधी एमआरआय काढा, कमरेला पट्टा बांधा, आणि पंधरा दिवस फळीवर झोपून पूर्ण आराम करा. मी २१ वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर टाईप करून पानं लावायचं काम करतेय, मान आणि पाठ दोन्ही दुखण्यातून गेलेय, आणि माझी नणंद हा मेसेज वाचून इतकी घाबरली की तिने सकाळचं फिरणंसुद्धा बंद केलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी २७ किलो. हा आकडा हवेतून आलेला नाही, तो २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका स्पाइन सर्जनने मांडला. त्याने कॉम्प्युटरवर मानेचं मॉडेल बनवलं आणि हिशोब केला की डोकं सरळ असताना साधारण पाच किलो भार असतो तो ६० अंश वाकल्यावर २७ किलोच्या आसपास जातो. म्हणजे हा गणिताचा हिशोब आहे, त्यात एकाही माणसाची मान तपासलेली नव्हती, कुणाचे मणके झिजले का ते पाहिलेलं नव्हतं. आणि भार पडला म्हणजे झीज झाली असं कुठे असतं? जिना उतरताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो, म्हणून काय जिने उतरणं गुडघ्यांना विष होतं? मान वाकण्यासाठीच केलेली आहे. आपण भाकरी थापतो, तांदूळ निवडतो, पोथी वाचतो, सगळं मान खाली घालूनच. त्रास होतो तो तीच मान तीन-चार तास हललीच नाही तर, कारण स्नायू सतत आखडलेले राहतात, मग मान अवघडते, खांदे भरून येतात, डोकं ठणकायला लागतं. ते दुखणं खरं आहे, खूप खरं आहे, पण ते थकलेल्या स्नायूंचं दुखणं असतं आणि बहुतेक वेळा उतरतं.

मेसेजमधलं "कायमचे" हे जे आहे ना, त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. माणूस घाबरला की अंग चोरून वावरतो, हालचाल कमी करतो आणि मग अजून आखडतो.

दुसरं, ९० अंशात ताठ. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये २००६ साली २२ निरोगी लोकांना बसलेल्या स्थितीत एमआरआयमध्ये घेऊन पाहिलं, एकदा पुढे वाकून, एकदा ९० अंशात ताठ, एकदा मागे रेलून १३५ अंशात. मणक्यांमधल्या चकत्या, ज्यांना आपण गादी म्हणतो, त्या सगळ्यात जास्त हलल्या त्या ९० अंशाला आणि सगळ्यात कमी मागे रेलल्यावर. त्याआधी १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्मला एका माणसाच्या चकतीत चक्क दाब मोजायचं यंत्र बसवलं होतं, तिथेही खुर्चीत मागे सैल टेकल्यावर दाब ताठ बसण्यापेक्षा कमीच निघाला. आता दोन्ही अभ्यास छोटे आहेत, एक तर एकाच माणसावरचा, त्यामुळे उद्यापासून सगळ्यांनी १३५ अंशातच बसावं असं मी म्हणणार नाही. पण "पाठ टेकू नका" याला काही आधार नाही एवढं नक्की. खुर्चीला पाठ दिलीय ती टेकायलाच. ताठ बसा, मग रेला, मग जरा पुढे या, पाय लांब करा, उठून पाणी पिऊन या, फोन आला की उभं राहून बोला. सारखं बदलत राहायचं.

इथे माझं स्वतःचं सांगते. दिवाळी अंकांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टपासून, आमच्याकडे हस्तलिखितांचा ढीग असतो आणि मी वर्षानुवर्षं ते कागद कीबोर्डच्या डाव्या बाजूला टेबलावर आडवे ठेवून टाईप करायचे. मान सारखी डावीकडे आणि खाली. एका वर्षी डावा खांदा इतका धरला की वेणी घालायला हात वर जाईना. एका दवाखान्यात कॉलर दिली, ती मी तीन महिने इमानदारीत घातली, आणि कॉलर काढली तेव्हा मान आधीपेक्षा जास्त कडक झालेली. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईने मला विचारलं की तू बसतेस कशी ते दाखव, आणि पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं. कागद स्क्रीनच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीला उभे लावायला सांगितले. लोखंडी बुकस्टँड आणि एक चिमटा, बास. लॅपटॉपवाल्यांचं पण तसंच आहे, स्क्रीन खाली असते म्हणून मान खाली जाते, चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा लावा, त्यासाठी तीस हजारांची खुर्ची लागत नाही.

तिसरं, एमआरआय. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय" हे शब्द आपल्याकडे घराघरात ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपला मणका आता सुटणार. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० अशा लोकांचे रिपोर्ट पाहिले ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के. चकती फुगलेली म्हणाल तर विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६०. काहीही दुखत नसताना! म्हणजे केस पिकावेत तसं हे बऱ्याचदा वयाबरोबर येतं. साध्या पाठदुखीत पहिल्याच आठवड्यात फोटो काढला तर असलं काहीतरी सापडतंच आणि माणूस त्या कागदाला धरून आजारी होतो.

पण काही गोष्टींत थांबायचं नाही, हे मात्र नीट वाचा. पायातली किंवा हातातली ताकद कमी होत चाललीय, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, सोबत ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखणं सुरू झालं, आधी कॅन्सर होऊन गेलाय, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे लगेच, आणि ताबा जाणं किंवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

पट्ट्याचं पटकन सांगते. अमेरिकेत १६० दुकानांमधल्या माल उचलणाऱ्या ९,००० हून जास्त कामगारांवरचा मोठा अभ्यास २००० साली छापून आला, पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या पाठदुखीत फरक निघाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यातही नेहमीच्या उपचारात पट्टे देऊ नका असंच आहे. ऑपरेशननंतर किंवा फ्रॅक्चरला डॉक्टरांनी दिला असेल तर ती गोष्ट वेगळी, तो आपल्या मनाने काढू नका.

आणि फळीवर पंधरा दिवस झोपणं, हे तर खरंच नुकसान करणारं आहे. हेलसिंकीला १९९५ मध्ये महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते, उसण भरल्यावर एका गटाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवा. लवकर बरा झाला तो तिसरा गट. नुसत्या दोन दिवसांत इतका फरक, मग पंधरा दिवसांचं काय होईल? फळीचं म्हणाल तर २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना कडक आणि मध्यम अशा गाद्या देऊन पाहिलं, मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला.

मग करायचं काय असं नणंदेने विचारलं, तिला मी डेन्मार्कचं उदाहरण दिलं. २०११ मध्ये तिथे मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांपैकी काहींना रोज दोन मिनिटं आणि काहींना बारा मिनिटं रबरी बँड ओढायचा व्यायाम दिला, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. बाकीच्यांना नुसती आरोग्याची माहिती पाठवली. दोन मिनिटंवाल्यांचं दुखणंसुद्धा स्पष्ट कमी झालं. बँडच्या मध्यावर पाय ठेवायचा, दोन टोकं दोन हातात, आणि हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश वर न्यायचे, सावकाश खाली. जास्त दुखलं तर थांबायचं, हलका बँड घ्यायचा. दुकानात दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. मी चहा उकळेपर्यंत करते, नणंदेने सोमवारपासून सुरू केलंय आणि फिरायलाही परत जायला लागलीय.