‘चायनीज माल’ म्हणून हसण्याआधी ती क्लिप नीट बघा

आज सकाळी सोसायटीच्या गटावर पुन्हा तीच क्लिप आली. करडं आभाळ, शेपूट नसलेलं रुंद विमान, त्याच्या मागे-पुढे घुटमळणारं चीनचं आधीचं लढाऊ विमान जे-२०. खाली ओळ : ‘चायनीज माल, चार दिवस टिकणार, घाबरू नका.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तासाभरात दुसऱ्या गटावर तीच क्लिप, आणि तिथे : ‘आपलं संपलं, चीनकडे सहाव्या पिढीची विमानं आली.’

दोन्ही चूक. पण मला राग पहिल्याचा जास्त येतो. घाबरलेला माणूस निदान पुढे काहीतरी विचारतो. हसणारा तिथेच थांबतो.

ही क्लिप २६ डिसेंबर २०२४ ची, चीनमधल्या चेंगडू शहरावरची. तो माओचा जन्मदिवस. त्याच दिवशी तिकडे शेनयांग शहरावरही दुसरं बिनशेपटीचं विमान दिसलं. चेंगडूच्या विमानावर ३६०११ हा आकडा रंगवलेला आहे, त्यावरून हौशी निरीक्षकांनी त्याला जे-३६ म्हणायला सुरुवात केली. शेनयांगच्या विमानाला जे-५० म्हणतात, ते नावही बाहेरच्या लोकांचंच. हे चाचणीचं विमान होतं, स्क्वाड्रनमधलं, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ तुकडीतलं नव्हे. नव्या विमानाच्या नाकातून पुढे लांब सळई आलेली दिसली की समजायचं, हवेचा वेग आणि विमानाचा कोन मोजणारी ती नळी आहे आणि उड्डाणाची आकडेवारी अजून गोळा होते आहे. त्यामुळे ‘विमानं आली’ म्हणणाऱ्यांनी जरा श्वास घ्या. चाचणी ते स्क्वाड्रन हा प्रवास वर्षांचा असतो.

आता आकार. ‘५० टनांचं विमान’ असं लोक छातीठोकपणे लिहितात. तो आकडा येतो कुठून? शेजारच्या जे-२० वरून. त्याची लांबी साधारण २१ मीटर, म्हणून फोटोवर पट्टी लावून नव्या विमानाची लांबी काढायची. पण दोन्ही विमानं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील तरच हे खरं. कॅमेरा एक किलोमीटरवर असेल आणि जे-२० शंभर मीटर पलीकडे, तर ते सुमारे नऊ टक्के लहान दिसतं आणि नवं विमान त्या हिशेबात दहा टक्के मोठं ठरतं. आकारमान लांबीच्या घनाने वाढतं. लांबीतली दहा टक्क्यांची चूक आकारमानात तेहतीस टक्के होते. म्हणजे ४० टनांचं विमान कागदावर ५३ टनांचं होऊन बसतं. तेव्हा वजनाचा आकडा कुणी दिला तर आधी विचारा, फोटो कुठून काढलेला. विमान मोठं आहे, जे-२० पेक्षा जड आहे, इतकं मात्र नजरेला दिसतं.

शेपूट का काढली? फॅशन म्हणून नाही. लढाऊ विमानांची आणि क्षेपणास्त्रांची रडारं साधारण तीन सेंटिमीटरच्या लहरींवर चालतात आणि त्यांना चकवायला अंगाचे कोन आणि वरचा लेप पुरतो. दूरवरून टेहळणी करणारी जुन्या धाटणीची रडारं मात्र मीटर-दोन मीटर लांबीच्या लहरी वापरतात. विमानाची उभी शेपटी साधारण त्याच मापाची असते, त्यामुळे ती त्या लहरींवर घंटेसारखी घुमते. लेप कितीही चांगला असला तरी माप बदलत नाही. म्हणून शेपूटच काढून टाकायची.

पण शेपूट गेली की नाक सरळ ठेवणारं काही उरत नाही. मग पंखाच्या टोकाजवळच्या झडपा वर-खाली दुभंगतात. डावीकडची उघडली की डाव्या बाजूला हवेचा विरोध वाढतो आणि नाक डावीकडे वळतं. अमेरिकेचं बी-२ हेच करतं. त्या क्लिपमध्ये या झडपा उघडलेल्या दिसतात. शेनयांगवाल्यांनी वेगळी वाट घेतली, तिथे पंखाचं टोकच फिरतं. दोन्हींत अडचण एकच. झडप उघडली की विमान रडारवर मोठं दिसतं, म्हणून लपायचं असेल तेव्हा ती मिटूनच उडायचं आणि वळायला डाव्या-उजव्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचा. हे सगळं संगणक सेकंदाला अनेकदा करतो, माणसाच्या हाताला ते झेपणारं नाही. झडप हलवणारी एखादी यंत्रणा अडकली किंवा बाजूच्या वाऱ्यात उतरताना हिशेब चुकला, तर विमान आडवं फिरतं. असलं विमान भर दिवसा शहरावरून उडवायला आपल्या नियंत्रण प्रणालीवर केवढा भरवसा लागतो! हसणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

तीन इंजिनं हा या विमानाचा सगळ्यात चमत्कारिक भाग. दोन इंजिनांना हवा बाजूच्या तोंडांतून मिळते, मधल्याचं तोंड पाठीवर, कॉकपिटच्या मागे. पाठीवरचं तोंड जमिनीवरच्या रडारला दिसत नाही, हा फायदा. तोटा असा की विमानाने नाक जोरात वर उचललं की पुढच्या अंगाच्या आडोशाने तिथली हवा फाटते, इंजिन गुदमरतं, कॉम्प्रेसर स्टॉल होतो. म्हणजे हे विमान कोलांट्या मारत झुंजायला बनवलेलंच नाही. मग तीन इंजिनं कशाला? माझा अंदाज असा की हाताशी असलेली दोन इंजिनं एवढ्या वजनाला आफ्टरबर्नरशिवाय, म्हणजे मागे जादा इंधन न जाळता, ध्वनीच्या वेगापलीकडे नेऊ शकत नाहीत, आणि रडारला व जॅमिंगला, म्हणजे शत्रूचे सिग्नल बुजवायला, वीजही भरपूर लागते. हा कमकुवतपणा आहे, मान्य. दोनाऐवजी तीन इंजिनं म्हणजे दीडपट देखभाल, हेही मान्य.

पण खरी गोष्ट पोटाखाली आहे. मधला शस्त्रकप्पा लांबलचक आहे. जे-२० च्या कप्प्यात साधारण चार मीटरचं, विमानं पाडणारं पीएल-१५ क्षेपणास्त्र मावतं. पीएल-१७ जवळपास सहा मीटरचं, ते आजवर जे-१६ या लढाऊ विमानाच्या पंखाखाली उघड्यावर लटकवलेलं दिसलं. ते एकदा कप्प्यात गेलं की लपलेलं विमान दुरून काय मारणार? आपली सुखोई नव्हेत. आपलं इंधन भरणारं विमान, आपलं आकाशातलं रडार. भारताकडे इल्युशिन-७८ टँकर सहा, फाल्कन रडार-विमानं तीन. नऊ विमानं. ती मागे हटली की पुढची सुखोई आणि राफेल आपोआप आंधळी आणि उपाशी होतात. ज्या गटावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, तिथे या नऊ विमानांबद्दल एक ओळ नव्हती.

आणि ‘चायनीज माल’! किती वेळा हसणार? २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स म्हणाले होते की २०२० पर्यंत चीनकडे पाचव्या पिढीचं विमान नसेल. ११ जानेवारी २०११ ला, गेट्स बीजिंगमध्ये असताना, चेंगडूत जे-२० उडालं. २०१७ मध्ये ते सेवेत आलं. सुरुवातीच्या जे-२० मध्ये रशियन एएल-३१ इंजिन होतं, तेव्हाही आपण हसलो. मग स्वतःचं डब्ल्यूएस-१० बसवलं, आता डब्ल्यूएस-१५ वर काम आलंय. इंजिन त्यांना आजही त्रास देतं, त्यात वाद नाही. पण इंजिन तयार होईपर्यंत ते विमान थांबवत नाहीत आणि विमान उडालं म्हणून इंजिनाचं काम सोडत नाहीत. आपण आपलं कावेरी इंजिन २००८ मध्ये तेजसपासून वेगळं काढलं. तेजस एमके-१ए साठी ९९ इंजिनांचा करार २०२१ चा, पहिलं इंजिन हाती आलं मार्च २०२५ मध्ये. मे २०२५ च्या संघर्षात पाकिस्तानने चिनी जे-१०सी विमानं आणि पीएल-१५ क्षेपणास्त्रं वापरली, पीएल-१५ चे तुकडे होशियारपूरच्या शेतात सापडले. हसू येतं अजून?

अमेरिका पुढे आहे, हो. त्यांचं प्रायोगिक विमान २०२० पर्यंत उडून झालं होतं, एफ-४७ मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. पण अमेरिका आपल्या सीमेवर बसलेली नाही.

खरं सांगायचं तर मला तीन इंजिनांच्या विमानापेक्षा मानवरहित विमानांची काळजी जास्त वाटते, आणि त्यांची क्लिप कुणी फिरवत नाही. २१ नोव्हेंबर २०१३ ला चीनचं शार्प स्वोर्ड पहिल्यांदा उडालं, तेव्हा इंजिनाचं नळकांडं मागून उघडं दिसत होतं. रडारला आणि उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला ते आयतं आमंत्रण. १ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात त्याचीच पुढची आवृत्ती जीजे-११ ट्रकवरून आली, तेव्हा ते नळकांडं अंगात लपवलेलं होतं. ३ सप्टेंबर २०२५ च्या संचलनात तर लढाऊ विमानांबरोबर उडणाऱ्या मानवरहित विमानांचे अनेक प्रकार एका रांगेत आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चिनी हवाई दलाने दाखवलेल्या व्हिडिओत जीजे-११, जे-२० आणि जॅमिंग करणारं जे-१६डी एकत्र उडताहेत. जे-२० ची दोन आसनी आवृत्ती आहे, आणि तिचं मागचं आसन ड्रोन हाकणाऱ्यासाठी असावं, असा सगळ्यांचाच तर्क आहे. मलाही तो पटतो.

यातही अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. भूस्थिर उपग्रहामार्गे आज्ञा पाठवली तर सिग्नलने वर-खाली जाऊन परत यायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो. अर्ध्या सेकंदात लढाऊ विमान दीडशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून हाकणारा जवळ, सरळ नजरेच्या रेषेत हवा. तिबेटच्या डोंगरांत ती रेषा एखाद्या धारेआड तुटते, शिवाय जॅमिंग आहेच. रेषा तुटली की ड्रोनने काय करायचं? परत फिरायचं, घिरट्या घालायच्या की ठरलेलं लक्ष्य मारायचं? हे आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावं लागतं आणि चूक नेमकी तिथेच होते. ड्रोन स्वस्त असतं, हेही अर्धसत्य. त्यालाही इंधन लागतं, शस्त्र चढवणारी माणसं लागतात, लेप उडाला की डागडुजी लागते.

उंचीची गोष्ट तर आपल्या लोकांना हमखास आवडते. तिबेटमधल्या शिगात्सेची धावपट्टी सुमारे ३,८०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांच्या आसपास. इंजिनाचा जोर घटतो, पंखालाही उचल कमी मिळते, म्हणून लांब धावपट्टी हवी किंवा इंधन-शस्त्रं कमी करून उडायचं. हे आपल्या बाजूचं आहे. हसीमारा, तेजपूर हे आपले हवाई तळ सखल भागात, तिथून आपली विमानं भरलेली उडतात. पण मे २०२४ मध्ये त्याच शिगात्सेवर सहा जे-२० उपग्रहाच्या फोटोंत उभी दिसली. हसीमारा तिथून ३०० किलोमीटरच्या आत. आणि जे-३६ सारखं मोठ्या टाकीचं विमान तिबेटमधून उडायलाच हवं असं कुठे आहे? ते मागून, सखल प्रदेशातल्या तळावरून पूर्ण भरून येऊ शकतं. उंचीचा आपला फायदा त्यामुळे आकसतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण आपल्याकडे काही होतच नाही, हे मला मान्य नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरला बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. मिगपासून सुखोईपर्यंत विमानं जोडलेली माणसं तिथे आहेत, त्यांच्या हाताखाली नवी पोरं तयार होताहेत. त्या मार्गिकेची क्षमता वर्षाला आठ विमानं, बंगळुरू धरून चोवीस. शेपूट नसलेलं आपलं छोटं मानवरहित विमान स्विफ्ट १ जुलै २०२२ ला चित्रदुर्गला स्वतः उडून स्वतः उतरलं. म्हणजे बिनशेपटीचं विमान सावरणारा संगणक आपल्यालाही जमतो. पण मिग-२१ निवृत्त झाली आणि ४२ मंजूर स्क्वाड्रनपैकी २९ उरली. आणि आपलं पाचव्या पिढीचं विमान आम्का दाखल व्हायला २०३५ उजाडेल. मधली दहा वर्षं कशी काढणार, हा प्रश्न सोसायटीच्या गटावरही विचारला गेला पाहिजे. पैसा सोसायटीतल्याच लोकांचा आहे.

म्हणून आज त्या क्लिपखाली मी भांडलो नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलेल्या जे-३६ च्या दुसऱ्या नमुन्याचा फोटो तिथे टाकला आणि लिहिलं, दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं ते शोधा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, चाकं वेगळी का दिसतात?

बरोबर ओळखलं त्याने. पहिल्या विमानात मुख्य पायांना दोन चाकं एकामागे एक होती, रशियाच्या सुखोई-३४ सारखी. तशी चाकं कमी रुंदीच्या कप्प्यात बसतात. दुसऱ्यात ती शेजारी-शेजारी आली. अशा रचनेला लांबीत कमी जागा पुरते, पण रुंदीत जास्त लागते. म्हणजे पोटातली मांडणी हलवली असावी. मागची इंजिनांची नळकांडीही बदलली, आधी ती वरच्या पृष्ठभागात खोल बसवलेली होती, आता कोनदार आणि बहुधा दिशा बदलणारी आहेत. पहिल्यांदा दिसल्यापासून हे सगळं दहा महिन्यांत.