वेप वाईट, म्हणून विडी चांगली?

निपाणीच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा तो तात्यांनी टाकला, खाली स्वतःची ओळ जोडून: ‘बघा, पोरांच्या त्या यंत्रापरास आमची विडी बरी.’ मेसेजचं म्हणणं असं: वेप, म्हणजे ई-सिगारेट, सिगारेटपेक्षा दहापट घातक, त्यानं ‘पॉपकॉर्न लंग’ हा फुप्फुसाचा आजार होतो, अमेरिकेत माणसं मेली, म्हणूनच सरकारनं बंदी घातली. विडीवर बंदी नाही, कारण ती पान आणि तंबाखू, निव्वळ नैसर्गिक.

शेवटचं आधी घेतो, ते आमच्या घरातलं आहे. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा घालायचा, वळून दोरा बांधायचा. घरभर खकाणा उडायचा आणि आम्ही शिंकत अभ्यास करायचो. त्या सुपात नैसर्गिक नाही असं काहीच नव्हतं. पण विडी पेटवतात, आणि खरा घोळ तिथं होतो. तंबाखू जळली की धुरात डांबर येतं, कार्बन मोनॉक्साइड येतो, 7,000 हून जास्त रसायनं येतात आणि त्यातली सुमारे 70 कर्करोग करणारी आहेत. तेंदूच्या पानानं यातलं काही कमी होत नाही. उलट त्या पानातून हवा कमी झिरपते, विडी सारखी विझायला बघते, म्हणून झुरके जोरानं आणि घाईघाईनं मारावे लागतात. एका विडीत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम, सिगारेटपेक्षा कितीतरी कमी. तरी ओढणाऱ्याच्या छातीत जाणारं डांबर आणि निकोटिन सिगारेटपेक्षा कमी नसतं, बऱ्याचदा जास्तच असतं.

दहापट हा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. मला माहीत असलेला आकडा नेमका उलटा आहे. 2015 मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी संस्थेनं वेप हे धूम्रपानापेक्षा सुमारे 95 टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला. तो मोजून काढलेला नव्हता, तज्ज्ञांनी मिळून दिलेल्या गुणांवर बेतलेला होता, आणि त्यावर टीकाही झाली. म्हणून मीही तो तात्यांच्या अंगावर फेकणार नाही. पण वेपमध्ये काही जळत नाही, द्रव नुसता तापतो, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाहीच. याचा अर्थ ती ‘नुसती वाफ’ही नव्हे. द्रव तापवणारी आतली तार, कॉइल, फार तापली तर फॉर्मल्डिहाइड तयार होतं, धातूचे अंशही वाफेत उतरतात. वीस-तीस वर्षं ओढल्यावर काय होतं हे सांगण्याइतकं वेप अजून जुनं नाही. सिगारेट-विडीचा हिशेब मात्र कधीच लागलाय.

अमेरिकेतले मृत्यू खरे आहेत. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण, 68 मृत्यू. पण त्यात प्रामुख्यानं दोषी ठरला तो वेपमध्ये घालायच्या गांजाच्या अर्काच्या चोरट्या नळ्यांत मिसळलेला व्हिटॅमिन ई ॲसिटेट हा तेलकट पदार्थ. इथं पोरांनी कान टवकारावेत: आपल्याकडे मिळतं ते सगळंच चोरटं आहे. आमच्या गल्लीतल्या एकाकडे आंब्याच्या वासाचं आहे, दिसायला हायलायटर पेनासारखं. आत काय भरलंय ते त्याला विचारलं तर म्हणतो, ‘मँगो.’

पॉपकॉर्न लंगचं थोडक्यात: लोण्याचा स्वाद देणाऱ्या ज्या डायसेटिल रसायनावर त्याचा ठपका आहे, ते सिगारेटच्या धुरात वेपपेक्षा जास्त असतं.

आता बंदी. कर्नाटकानं 2016 मध्येच विक्री बंद केली, केंद्रानं 2019 मध्ये देशभर. पहिल्या गुन्ह्याला वर्षभर कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण मुख्यतः हे, की कोवळ्या पोरांना निकोटिनची नवी चटक लागू नये. त्यात विडीला कुणी प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. विडीवर बंदी का नाही, हे निपाणीकराला विचारावं लागतं का? चिकोडी-निपाणीची शेतं, वखारी, हजारामागे मजुरी घेणाऱ्या बायका. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी याच गावात शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला होता. वेपच्या मागे असं कोण बसणार? आणि तेच सरकार तंबाखूच्या पुड्याचा 85 टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्यानं झाकायला लावतं. तात्या ते चित्र अंगठ्याखाली धरून विडी काढतात.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर तात्यांचा फोन आला. ‘मग काय, मी आता ते यंत्र आणू म्हणतोस?’

नाही म्हणालो. इंग्लंडात वेपवर जाऊन सिगारेट सुटलेली माणसं आहेत, पण ती पूर्ण सोडून गेली. तिथं द्रवात काय असावं यावर कायद्याची नजर आहे. दोन्ही ओढण्यात अर्थ नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. त्यापेक्षा मेडिकलमध्ये 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि सोडायला मदत करणारा सरकारी नंबर फुकट आहे, 1800-11-2356.

तात्यांनी नंबर दोनदा विचारून घेतला. कॅलेंडरवर लिहिलाय म्हणे. फोन अजून केलेला नाही.