‘ग्रुप आहे ना, पेपर कशाला?’ म्हणणाऱ्यांना

मावशीने पेपर बंद केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या त्या घरात आजोबांच्या काळापासून पेपर यायचा. आधी निधन वार्ता, मग शब्दकोडं आणि पावसाळ्यात या दोन्हींच्या आधी पंचगंगेची पातळी, असा वाचायचा क्रम ठरलेला. कारण विचारलं तर म्हणाली, ‘अगं, आता कशाला? ग्रुपवर सगळं येतंय की.’ आणि पुरावा म्हणून तिने मला व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मेसेज ढकलला.

तो तुमच्याकडेही आला असणार, कारण त्यावर दुहेरी बाणाची खूण आहे, म्हणजे हातोहात फिरून आलेला. मथळा ‘आपला ग्रुप हाच आपला पेपर’, खाली सहा मुद्दे, शेवटी तिरंगा आणि जोडलेले हात. मुद्दे असे: एक, ग्रुपवर बातमी पेपरच्या आधी येते. दोन, तालुक्याचे पत्रकार विकले गेलेत. तीन, ग्रुपवर खोटं टिकत नाही, कारण ॲडमिन कायद्याने जबाबदार असतो आणि सगळे एकमेकांना ओळखतात. चार, सरकारची सगळी माहिती आता ॲपवर आहे. पाच, खेड्याला पेपर कधी लागलाच नव्हता. सहा, स्थानिक बातम्यांसाठी नवे प्रयोग करायला मदत मागणारे सगळे अनुदान लाटणारे.

क्रमाने जात नाही. तिसरा मुद्दा सगळ्यात बाष्कळ आणि सगळ्यात घातक आहे, आधी तोच.

ॲडमिन कायद्याने जबाबदार असतो, हे कुणी सांगितलं? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, नेमकं उलट सांगितलं आहे. सदस्याला ग्रुपमध्ये घेणं आणि काढणं एवढीच ॲडमिनची मर्यादित सत्ता असते. सदस्य काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही, ते तपासता किंवा अडवता येत नाही. त्यामुळे दोघांचा समान हेतू होता हे दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला धरता येणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा निकाल वाचला असता तर अख्खा मुद्दा गाळावा लागला असता. कारण निकालाचा सरळ अर्थ असा की ग्रुपला संपादक नाही. छापील पेपरात रोज एक ओळ असते, संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं आणि पत्ता. ती कुणी वाचत नाही हे खरं. पण काही चुकीचं छापलं तर नोटीस कुठे पाठवायची ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. ग्रुपवरच्या मजकुराला तो पत्ताच नाही. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ हे वाक्य आपल्याकडे निर्दोषत्वाचा दाखला झालंय.

आता ‘सगळे एकमेकांना ओळखतात’ याबद्दल. ओळखतात, आणि म्हणूनच मेसेज तपासत नाहीत. चुलत्याने पाठवला, शाळेतल्या बाईंनी पाठवला, म्हणजे खराच असेल, असं धरून चालतात. शिवाय जो ओळखीचा नाही त्याचं काय होतं, ते धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने दाखवलं आहे. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हेच ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं, अशी ही माणसं. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज गावागावांत फिरत होते. या पाचांवर संशय घेतला गेला, त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठेचून मारलं. पाचही जण गेले. हे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घडलं, जिथे गावाची अधिकृत माहिती ठेवायची असते त्या जागेत.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती, दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. मूळ फितीत शेवटी ते मूल परत आणून ठेवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. हे सगळं झाल्यावर व्हॉट्सॲपला जाग आली. जुलै 2018 मध्येच भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येणार नाही अशी मर्यादा आली, ‘फॉरवर्डेड’ची पाटीही त्याच महिन्यातली. ग्रुपवर खोटं टिकत नाही म्हणता ना? ग्रुप चालवणाऱ्या कंपनीचाच तुमच्या मुद्द्यावर विश्वास नव्हता.

पहिला मुद्दा, बातमी आधी येते. येते, बाबा. मान्य. 2019 च्या महापुरात महामार्ग बंद पडला, शिरोळात दिवसच्या दिवस पेपर पोचला नाही, आणि बोट कुठे आहे, जनावरं कुठे नेलीत, कुणाच्या माळ्यावर कोण अडकलंय हे ग्रुपवरच कळत होतं. त्याबद्दल कुणी ग्रुपला नावं ठेवणार नाही.

पण तोच पूर जरा जवळून बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ आहेत. पावसाळ्यात ग्रुपवर मेसेज पडतो: ‘आज सकाळी 8 वाजता राजाराम बंधारा 41 फूट 2 इंच, सतर्क राहा.’ आज म्हणजे कधी? मेसेजच्या कोपऱ्यात वेळ दिसते ती तुम्हाला मिळाल्याची, लिहिल्याची नव्हे. कालचा ‘आज’ आज दुपारी पुन्हा येतो, तोवर पाणी दोन फूट चढलेलं असतं नाहीतर उतरलेलं. माणसं जुन्या आकड्यावर ठरवतात की गोठ्यातली म्हैस आत्ता हलवायची की रात्र काढायची. त्यात राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडल्याची चित्रफीत येते, कुठल्या वर्षाची ते देवालाच ठाऊक. दरवाजे उघडले हे खरंही असतं कधीकधी, फक्त ते आधीच्या पुरातलं खरं असतं. आणि शिरोळच्या माणसाला नुसती कोल्हापूरची पातळी पुरत नाही. कृष्णा काय म्हणते, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडताहेत, पाणी फुगवट्याचं म्हणजे खालून तुंबून मागे आलेलं आहे की वरून आलेलं, हे तिन्ही जुळवून कुणीतरी सांगावं लागतं. ते जुळवायला पाटबंधारे खात्यात फोन लावून दोन प्रश्न विचारणारा माणूस लागतो. फोन कुणीही लावू शकतो, हे खरं. पण तीनशे जणांच्या ग्रुपवर तो कुणीच लावत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लावला असेल.

दुसरा मुद्दा, पत्रकार विकले गेलेत. यात अर्धं सत्य आहे आणि ते गिळावं लागतंय. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या मोठ्या दैनिकांत एकच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. ही ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, पत्रकार पी. साईनाथ यांनी चव्हाट्यावर आणली. तालुक्याला तर याहून उघडा मामला असतो. वार्ताहराला पगार नाममात्र किंवा नाहीच. वर 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि दिवाळी अंकाला जाहिराती आणायचं ओझं. ज्या साहेबांच्या वाढदिवसाची पानभर शुभेच्छा जाहिरात आणली, त्यांच्या साखर कारखान्याने थकवलेल्या उसाच्या बिलांबद्दल तो लिहील कसा? गळ्यात ओळखपत्र अडकवून वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याकडे हात पसरणारे महाभागही आहेत, नाही कोण म्हणतं?

पण ‘सगळे’ म्हणताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचे शशिकांत वारिशे आठवा. महानगरी टाइम्सचे वार्ताहर. तिथे होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या वादात ते सातत्याने लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांची एक बातमी छापून आली, आणि त्याच दिवशी ज्याच्याविषयी ती बातमी होती त्या माणसाच्या गाडीची धडक त्यांच्या दुचाकीला बसली. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या माणसावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2017 सालीच कायदा मंजूर केला, देशात पहिला म्हणून त्याचं कौतुकही झालं होतं. तालुक्याचा बातमीदार विकलाच गेलेला असता तर त्याला मारायची गरज कुणाला पडली असती? पगार नसल्याने माणूस वाकतो, म्हणून पगाराची सोय करा म्हणायचं, की बातमीदारच नको म्हणायचं?

चौथा मुद्दा, ॲप. ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतींच्या कामांचा आणि खर्चाचा हिशेब दाखवणारं सरकारी पोर्टल, खरंच चांगलं आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या नावावर जा, वर्षाचा आराखडा, काम, देयक सगळं दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीला 60 टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, 40 टक्के अबंधित म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी, असा नियम होता, तेही ताडून बघता येतं. पण ‘बंदिस्त गटार बांधणे’ या ओळीसमोर पैसे दिल्याची तारीख आहे, आणि गटार? ते बघायला त्या गल्लीत जावं लागतं. फूटपट्टी लावावी लागते, ठेकेदाराला आणि ग्रामसेवकाला विचारावं लागतं, आणि मग उत्तर आपल्या नावानिशी छापावं लागतं. गावातल्याच माणसाने ग्रुपवर हे विचारलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आधी ‘राजकारण नको’ असा मेसेज येतो, मग पंधरा जणांचे शुभ सकाळचे फोटो, संध्याकाळी तो माणूस ग्रुपमधून गायब. सरपंचाचा पुतण्या ॲडमिन असतो हो बऱ्याच ठिकाणी. मघाशी म्हटलेली ती मर्यादित सत्ता नेमकी इथे वापरली जाते.

पाचव्यावर वेळ घालवत नाही. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली सुरू केलेलं ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघायचं आणि 1967 पर्यंत निघत राहिलं. खेड्याला पेपर लागत नव्हता म्हणे.

सहावा. अनुदान लाटणारे असतील, कुठल्या क्षेत्रात नाहीत? पण खेड्यातल्या बातमीचे नवे प्रयोग म्हणजे काय हे न बघताच शिवी द्यायची, हे जरा अति होतं. ‘खबर लहरिया’ 2002 साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये सुरू झालं. बातमीदार सगळ्या बायका, बऱ्याचशा दलित घरांतल्या, भाषा तिकडची बुंदेली. आधी छापील, आता मोबाईलवर चित्रफिती. हातपंप, रस्ता, रेशन, अत्याचाराची न नोंदवलेली तक्रार हे त्यांचे विषय. छत्तीसगडमध्ये 2010 पासून ‘सीजीनेट स्वर’ आहे. साध्या फोनवरून माणूस आपली गोष्ट गोंडीत किंवा हिंदीत बोलून ठेवतो, इतरांना ती फोनवरच ऐकता येते. म्हणजे तुमच्या ग्रुपसारखंच की! फरक इतकाच की बोलणं सगळ्यांपर्यंत जायच्या आधी मध्ये कुणीतरी बसून ते ऐकतं आणि पडताळून बघतं. त्या मधल्या माणसाचं पोट भरायला पैसे लागतात. मदत मागतात ती त्यासाठी.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, माणदेशातल्या बायकांचा आवाज त्यावर लागतो. पण 2006 च्या धोरणाने अशा केंद्रांची दारं उघडताना बातमीला मात्र बाहेर ठेवलं. हवामान, परीक्षेचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, जत्रा हे सांगायची मुभा आहे. स्वतःचं बातमीपत्र नाही, लावायचं तर आकाशवाणीचं. ज्यांच्याकडे माईक आहे, पंचक्रोशीतली माणसं आहेत आणि माणदेशी बोलीही आहे, त्यांनी पाणी कधी येणार ते सांगायचं. टँकरचा ठेका कुणाला आणि कसा गेला हे बातमी म्हणून द्यायचं नाही. मेसेज लिहिणाऱ्याला सातवा मुद्दा हवाच असेल, तर हा घ्या.