कष्ट आणि धास्ती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे अव्वल राहतो तो मुलांच्या कष्टांमुळे, त्या कष्टांना मी ‘परिपूर्णतेचा अट्टहास’ ठरवून आजाराच्या पंगतीत बसवले आणि आळशी विद्यार्थ्यांना आयती सबब पुरवली, असा आपला आक्षेप आहे.

कष्टांविषयी आपल्यात मतभेद नाही. परिपूर्णतेचा अट्टहास मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या १९९० च्या प्रश्नावलीतही उच्च अपेक्षा आणि चुकांची धास्ती हे घटक स्वतंत्रपणे मोजले जातात, आणि नैराश्याशी अधिक नाते जुळते ते धास्तीचे. रत्नागिरीत बी.एस्सी. करणारी माझ्या परिचयातील एक मुलगी जर्नलमधील आकृतीवर जराशी शाई पसरली तरी पान फाडून पाठपोट मजकूर पुन्हा उतरवत असे. अखेर सबमिशनची तारीख उलटली आणि जर्नल घरीच राहिले. आपण याला आळस म्हणाल. मात्र न दिलेल्या जर्नलबद्दल ‘वेळ पुरला नाही’ असे सांगता येते, तपासलेल्या जर्नलमधील लाल शेरा सोसावा लागतो, आणि तिला तेच नको होते.

ही धास्ती येते कुठून? मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या मते, अटी घालून मिळणाऱ्या मायेत वाढलेले मूल स्वतःची किंमतही त्याच अटींवर ठरवू लागते. गणपतीला मुंबईहून आलेले काका पडवीतच टक्के विचारतात आणि ९१ ऐकून ‘पुढच्या खेपेस ९५ हवेत’ म्हणतात, त्यात दुष्टावा मुळीच नसतो. चार गुंठ्यांवर भागत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या घरांची ती काळजी असते. मुलाच्या मनात मात्र काळजी गळून जाते आणि अट तेवढी उरते. त्यातून तालुक्यात पहिला आलेला मुलगा विद्यापीठात अनेक तालुक्यांतल्या पहिल्यांमध्ये येऊन बसला, की ती अट पुरी करणे त्याच्या हाती राहत नाही.

दोष केवळ घराचा, असेही मी म्हणत नाही. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील माहिती एकत्र तपासली, तेव्हा ‘इतरांना माझ्याकडून निर्दोषच काम हवे आहे’ ही भावना सर्वाधिक वाढलेली आढळली. ती आकडेवारी आपल्याकडची नसली, तरी स्पर्धेचे वारे आपल्याकडेही तेच आहेत.

मग शिस्त सैल करायची काय, असे आपण विचारले आहे. तारीख काटेकोर पाळावी, परंतु त्या तारखेला खाडाखोड असलेले जर्नलही, ते पुन्हा लिहून आणायला न सांगता, ठेवून घ्यावे.