सूर्याचे ध्रुव पालटले म्हणून परभणी तापली? नाही ओ!

ग्रुपवर फिरायलंय की सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटले म्हणून मराठवाडा भाजून निघायलाय, साफ खोटंय. ध्रुव दर 11 वर्षांच्या आसपास पालटतातच. सूर्य म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा, मधला पट्टा 25 दिवसांत फिरतो अन् ध्रुवाकडं जवळपास 35 लागतात, त्यामुळं चुंबकीय रेषा सुतावानी पिळत जातात अन् जिथं वर निघतात तिथं डाग दिसतात. डाग तर उलट थंड, साधारण 3500 डिग्री, बाकी पृष्ठभाग 5500. ह्या 11 वर्षांच्या आख्ख्या चक्रात सूर्याच्या तेजात फरक किती, तर 0.1 टक्क्याच्या आसपास! परभणीचा मे डाग नसतानाबी तापतोच की. हां, सौर वादळानं जीपीएस-रेडिओला त्रास होतो तेवढं खरं, मे 2024 मध्ये तर लडाखातल्या हानलेवरून लाल ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आभाळात चमकणारा रंगीत उजेड, दिसला होता.