बगळ्यांची घरटी आधी कुणाला दाखवायची?

परवा आमच्या सांगलीतल्या एका बागेत बगळ्यांची घरटी दाखवायला फेरी निघाली होती, तिला जाऊन आलो. बागेचं नाव लिहीत नाही. सांगलीकरांना वासावरून कळेलच. बाकीच्यांना, विशेषतः हातभर लेन्स घेऊन फिरणाऱ्यांना, कळायची काही गरज नाही.

फेरी उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. माहिती सांगणारा पोरगा तयारीचा होता. पण आलेली माणसं बघितली तर सगळी आधीपासूनच पक्ष्यांवर जीव असणारी. दुर्बिणी, टोप्या, पाठपिशव्या. आणि ज्यांच्या गाड्यांचे टप रोज पांढरे होतात, ज्यांच्या खिडक्या चार महिने बंद असतात, ती माणसं कुंपणापलीकडून आमच्याकडं बघत उभी. त्या झाडांचं काय व्हायचं ते आमच्यावर ठरत नाही, त्यांच्यावर ठरतं. 'घाण होते, फांद्या तोडा' हा अर्ज तेच देणार आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिली फेरी त्यांच्यासाठी काढा. आम्ही काय, नंतर येऊ.

हे सुचलं ते एका मावशींमुळं. त्यांचा भेळ-भडंगाचा गाडा त्याच झाडाच्या सावलीत असतो. त्या पोरानं सहज दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि रातबगळ्याच्या घरट्याकडं वळवून दिली. घरटं कसलं, नुसत्या काटक्यांची चाळण, खालून आभाळ दिसतंय. नर एक वाळकी काटकी चोचीत आडवी धरून आला, मादीनं ती घेतली, इकडं खुपसली, पटलं नाही, उपसली, परत तिकडं खुपसली. तेवढ्यात शेजारच्या घरट्यातल्यानं मान लांब करून दुसरीच एक काटकी ओढून नेली. मावशी म्हणाल्या, "अगं बया, चोरलं की ओ त्यानं! आन् डोळं बघा की, लालभडक!" मग बराच वेळ दुर्बीण काही परत मिळाली नाही. ढोकरी बगळ्याची पाठ विणीच्या दिवसांत विटकरी होते, गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढतो, हे सगळं त्यांनी बघून घेतलं. पिल्लू आईची चोच आपल्या चोचीत आडवी पकडून खाली ओढतं आणि मग ती घशातला मासा त्याच्यापुढं ओकते, हेही बघितलं.

आणि दुर्बीण परत देताना त्यांनी विचारलं, "ते सगळं खरं, पण माझ्या ताडपत्रीचं काय?"

बरोबर प्रश्न आहे. पक्षीप्रेमी मंडळी या प्रश्नाला हसतात, ते मला पटत नाही. शेकडो पक्षी एका जागी पिल्लं वाढवतात तेव्हा वास येणारच. विष्ठा, त्यावर खाली पडून सडलेले मासे. पिल्लं घाबरली की पोटातलं ओकतात, तेही खालीच येतं. कपडे वाळत घालता येत नाहीत. हे ज्याच्या दारात चालतं त्याला 'निसर्गावर प्रेम करा' सांगून काय उपयोग? महापालिकेनं गाडा चार महिने रस्त्याच्या पलीकडं लावू द्यावा, झाडाखाली पार्किंग बंद करून दोरी बांधावी, रोज सकाळी पाणी मारून चुना टाकावा. यातलं कुठलंच काम अवघड नाही.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेल्लूर नावाचं गाव आहे. तिथं घरांमधल्या झाडांवर चित्रबलाक करकोचे आणि पेलिकन घरटी करतात आणि गावकरी त्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी मानतात. विष्ठेचं खत शेतात जातं. म्हणजे मायाही आहे आणि हिशेबही जुळतो. आपल्याकडं नुसत्या मायेवर चालवायला बघतात, म्हणून चालत नाही.

कायदाही सांगून टाकतो, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये उपयोगी पडेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना धक्का लावणं येतं. बंदूक लागत नाही, ठेकेदाराची करवत पुरते. 2022 च्या सप्टेंबरात केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेलं झाड पाडलं आणि पिल्लांचा रस्त्यावर सडा पडला. व्हिडिओ देशभर फिरला, गुन्हा दाखल झाला. पिल्लं गेली ती गेलीच.

आपल्याकडं गोची अशी की पावसाळापूर्व छाटणी रेंगाळत जूनात जाते आणि नेमकी तेव्हाच घरटी लागायला सुरुवात होते. जून ते सप्टेंबर हा त्यांचा काळ, कारण तेव्हाच शिवारात पाणी साचतं आणि बेडूक, किडे, मासे मुबलक होतात. आपण सगळे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं का 45 वर याच्या काळजीत असतो, आणि गायबगळे उसा-हळदीच्या रानातले नाकतोडे टिपून पिल्लांना आणत असतात. शेतकऱ्यानं तरी यांच्याबद्दल कुरकुरू नये! छाटणी मार्च-एप्रिलमध्ये उरकली तर निम्मी भांडणं संपतील.

लेन्सवाल्यांसाठी एकच. ड्रोन नको आणि झाडावर चढणं तर अजिबात नको. मोठा पक्षी घाबरून उठला की कावळा अंडं पळवतो, त्याला क्षणही लागत नाही. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरी नेऊन दूध-पाव भरवू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

पुढची फेरी संध्याकाळची ठेवा. त्या वेळी दिवसाचे बगळे परततात आणि रातबगळे बाहेर पडतात, दोन्ही पाळ्या बघायला मिळतात. फी घेऊ नका. दुर्बिणी आम्ही आणतो. समोरच्या सोसायटीला, गाडेवाल्यांना, बागेच्या माळीकाकांना बोलवा. आणि छाटणीच्या ठेकेदाराच्या माणसांना त्या दिवसाची हजेरी धरून आणा, नाहीतर त्यांचा रोज बुडेल आणि ते येणार नाहीत.